स्टर्जनच्या शोधात : पडद्यावरच्या सरोवरातील एक दुर्मिळ मासा

संगणकावरील खेळ म्हटले की बंदुका, मोटारींच्या शर्यती आणि कानठळ्या बसवणारा गोंगाट एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. पण गेल्या काही वर्षांत याच पडद्यावर एका वेगळ्या जातीच्या खेळांनी आपले स्थान निर्माण केले आहे. या खेळांत कुणाला मारायचे नसते, कुणाच्या पुढे धावायचे नसते. जमीन नांगरायची, बी पेरायचे, गुरांना चारा घालायचा, शेजाऱ्यांशी चार शब्द बोलायचे आणि फावल्या वेळात पाण्यात गळ टाकून बसायचे, एवढाच त्यातला उद्योग. 'स्टारड्यू व्हॅली' हा या जातीतला सर्वांत गाजलेला खेळ. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो प्रथम संगणकावर आला आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

या खेळात शेती करणे तसे सोपे आहे. वेळेवर पाणी घातले की पीक येते. खरी परीक्षा असते ती मासेमारीची. त्यातही नव्या खेळाडूच्या नाकी नऊ आणणारा एक मासा आहे. त्याचे नाव स्टर्जन. हा मासा गळाला कसा लावायचा, तो मिळवणे इतके महत्त्वाचे का, आणि खेळातल्या या माशाच्या मागे खऱ्या जगातील कोणती कहाणी दडलेली आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

एकट्याने वसवलेले गाव

'स्टारड्यू व्हॅली'चा निर्माता एरिक बॅरोन हा अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा रहिवासी. संगणकशास्त्राची पदवी घेतल्यानंतर मनासारखी नोकरी मिळेना, तेव्हा हात साफ करण्यासाठी म्हणून त्याने एक छोटा खेळ तयार करायला घेतला. १९९६ मध्ये जपानमध्ये निघालेला 'हार्वेस्ट मून' हा शेतीचा खेळ त्याच्या लहानपणचा आवडता. त्याच धर्तीवर, पण आपल्या मनाप्रमाणे काहीतरी करावे, ही त्यामागची कल्पना. हे 'काहीतरी' पूर्ण व्हायला सुमारे साडेचार वर्षे लागली. खेळाची संगणकीय आज्ञावली, चित्रे, संगीत, संवाद हे सारे त्याने एकट्याने केले. त्या काळात खर्चाला हातभार म्हणून तो सिअ‍ॅटलमधील एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करीत असे.

खेळाचे कथानक साधे आहे. जोजा नावाच्या बड्या कंपनीच्या कार्यालयात संगणकासमोर बसून कंटाळलेला नायक (किंवा नायिका) आजोबांनी मृत्यूपूर्वी दिलेले पत्र उघडतो. त्यात आजोबांनी आपली जुनी शेती नातवाच्या नावे केलेली असते. नातू नोकरी सोडून पेलिकन टाउन या छोट्या गावी येतो आणि नव्याने आयुष्य सुरू करतो. महानगरात लोकलच्या गर्दीतून रोज प्रवास करणाऱ्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. गावच्या जमिनीचा तुकडा, आजोबांची आठवण आणि कधीतरी तिकडे परतण्याचे स्वप्न आपल्याकडे घरोघरी असतेच.

समाजमंदिर आणि चार मासे

पेलिकन टाउनमध्ये एक पडके समाजमंदिर आहे. एकेकाळी गावकरी तेथे जमत, आता तेथे जाळी आणि धूळ यांचेच राज्य. जोजा कंपनीला ती जागा गोदामासाठी हवी आहे. खेळाडूपुढे दोन वाटा असतात. कंपनीचे सदस्यत्व पैसे मोजून घ्यायचे आणि पैशाच्याच बळावर गावातील सुधारणा करून घ्यायच्या, ही एक वाट. दुसरी वाट म्हणजे समाजमंदिरात राहणाऱ्या जुनिमो नावाच्या चिमुकल्या वनदेवतांना त्यांनी मागितलेल्या वस्तू अर्पण करायच्या आणि ती वास्तू पुन्हा उभी करायची. पहिली वाट सोपी, दुसरी कष्टाची. बहुतेकांना ओढ असते ती दुसरीची.

या वास्तूत सहा दालने आहेत आणि त्यांपैकी एक मत्स्यदालन. त्यात नदी, सरोवर, समुद्र, रात्र असे माशांचे वेगवेगळे संच मागितलेले असतात. सरोवराच्या संचात चार मासे लागतात : लार्जमाउथ बास, कार्प, बुलहेड आणि स्टर्जन. यातील पहिले तीन मासे फारसा त्रास देत नाहीत. प्रत्येक माशाला खेळात काठिण्याचा एक आकडा दिलेला आहे. कार्पचा आकडा १५, बुलहेडचा ४६, लार्जमाउथ बासचा ५०. स्टर्जनचा मात्र थेट ७८! म्हणजे तीन पायऱ्या चढून गेल्यावर चौथी पायरी एकदम पुरुषभर उंचीची निघावी, तसा हा प्रकार.

हा संच पूर्ण झाला नाही तर मत्स्यदालन अपुरे राहते आणि मत्स्यदालन अपुरे राहिले तर समाजमंदिर उभे राहत नाही. तिसऱ्या वर्षाच्या प्रारंभी आजोबांचा आत्मा येऊन नातवाच्या कामाचे मोजमाप करतो, त्यातही समाजमंदिराच्या कामाला गुण आहेत. तेव्हा एका माशावर बरेच काही अवलंबून आहे.

पंचांग पाहून टाकायचा गळ

कोकणात गरवायला जाणारा माणूस भरती-ओहोटी पाहून घराबाहेर पडतो. या खेळातही तसेच आहे. प्रत्येक माशाचे ठिकाण, ऋतू, वेळ आणि काहींच्या बाबतीत हवामानही ठरलेले आहे. खेळातील वर्षात वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा असे चार ऋतू असून प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. म्हणजे वर्ष ११२ दिवसांचे.

स्टर्जन मिळतो तो गावाच्या उत्तरेस असलेल्या डोंगरातील सरोवरात. सुतारकाम करणाऱ्या रॉबिनचे घर, लायनस नावाच्या विरक्त माणसाचा तंबू आणि खाणीचे तोंड यांच्या परिसरात हे सरोवर पसरलेले आहे. ऋतू दोनच, उन्हाळा आणि हिवाळा. वेळ सकाळी ६ ते सायंकाळी ७. पाऊस असो वा ऊन, त्याने फरक पडत नाही. वसंत आणि शरद या ऋतूंत दिवसभर गळ टाकून बसले, तरी या सरोवरात स्टर्जन हाती लागत नाही. अनेक नवे खेळाडू नेमके येथेच फसतात. उन्हाळ्याचे २८ दिवस पिकांच्या मागे निघून जातात आणि मग हिवाळ्यापर्यंत थांबावे लागते. हिवाळाही हुकला तर पुढच्या वर्षाचा उन्हाळा.

वेळेचे गणितही ध्यानात घेतले पाहिजे. खेळातील दहा मिनिटे म्हणजे आपल्या घड्याळातील सुमारे सात सेकंद. सकाळी ६ ते सायंकाळी ७ हे तेरा तास त्यामुळे आपल्या नऊ-सव्वानऊ मिनिटांत संपतात. त्यात शेताला पाणी घालायचे, कोंबड्यांना दाणे टाकायचे आणि डोंगर चढून सरोवर गाठायचे. म्हणून जाणकार खेळाडू स्टर्जनसाठी पावसाळी दिवस निवडतात. मासा पावसामुळे अधिक मिळतो म्हणून नव्हे, तर त्या दिवशी शेताला पाणी घालावे लागत नाही आणि सकाळपासूनचा सगळा वेळ सरोवरावर घालवता येतो म्हणून. हिवाळ्यात तर उघड्या शेतात जवळजवळ काही पिकतच नाही. त्यामुळे तो ऋतू मासेमारीला अधिकच सोयीचा.

गळाची तयारी

खेळ सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी किनाऱ्यावरचा कोळी विली खेळाडूला पत्राने बोलावून घेतो आणि बांबूची काठी भेट देतो. या काठीने स्टर्जन पकडणे अशक्य नाही, पण अवघड आहे. नवशिक्यांसाठी विलीच्या दुकानात सरावाची एक स्वस्त काठीही मिळते. मात्र तिने केवळ सोपेच मासे लागतात, स्टर्जन नाही. तेव्हा तिच्या मोहात पडून सरोवरावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मासेमारीतील कौशल्याची शून्यापासून दहापर्यंत श्रेणी असते आणि प्रत्येक पकडीबरोबर अनुभव वाढत जातो. दुसऱ्या श्रेणीला पोहोचल्यावर १८०० सुवर्णमुद्रांना फायबरग्लासची काठी विकत घेता येते. तिला आमिष लावता येते आणि आमिषामुळे मासा लागण्यासाठी ताटकळत बसण्याचा वेळ निम्म्याने कमी होतो. सहाव्या श्रेणीनंतर ७५०० मुद्रांना इरिडियमची काठी मिळते. तिला आमिषाबरोबरच एक साधनही जोडता येते. स्टर्जनच्या दृष्टीने दोन साधने विशेष उपयोगी आहेत. एक बुचाचे, म्हणजे कॉर्क बॉबर, आणि दुसरे ट्रॅप बॉबर. त्यांचा उपयोग काय, हे पुढे येईलच.

पोटपूजेचाही लाभ होतो. काही पदार्थ खाल्ल्याने कौशल्याची श्रेणी तात्पुरती वाढते. विलीच्या दुकानातील ट्राउट माशाच्या सुपाने ती एकने वाढते आणि 'डिश ओ द सी' या पदार्थाने तीनने. शिवाय गळ टाकण्यात शक्ती खर्च होते. सुरुवातीला दर खेपेस आठ याप्रमाणे २७० ची शिदोरी तेहतीस-चौतीस खेपांत संपते. म्हणून सोबत काही खाण्याचे बांधून नेलेले बरे.

गळ टाकताना कळ दाबून धरली की शक्तीची पट्टी वरखाली होऊ लागते. ती पूर्ण भरलेली असताना कळ सोडली तर गळ दूरवर जातो. स्टर्जनसाठी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यापेक्षा किनाऱ्यापासून दूरचे खोल पाणी चांगले. पाण्यावर बुडबुडे उठताना दिसले तर गळ नेमका तेथेच टाकावा, तेथे मासा लवकर लागतो. एवढे करूनही प्रत्येक वेळी स्टर्जनच लागेल असे नाही. कधी कार्प येईल, कधी बुलहेड, कधी फुटका चष्मा किंवा भिजलेले वर्तमानपत्रही येईल! आज सकाळचे वर्तमानपत्र उद्या कुठे पोहोचते, याची अशी आठवण वाचकांनाही होऊन जाते.

हिरव्या पट्टीची कसरत

मासा गळाला लागला की खरी झुंज सुरू होते. पडद्यावर एक उभी नळी दिसते. तीत माशाचे एक चिन्ह वरखाली फिरत असते आणि एक हिरवी पट्टी असते. कळ दाबली की पट्टी वर जाते, सोडली की खाली येते. मासा जिकडे जाईल तिकडे पट्टी नेऊन त्याला तिच्या आत ठेवायचे, एवढेच काम. शेजारी एक दुसरी पट्टी असते. मासा हिरव्या पट्टीत असेपर्यंत ती भरत जाते, निसटला की उतरू लागते. ती पूर्ण भरली तर मासा आपला, रिकामी झाली तर गेला.

ऐकायला सोपे वाटते. परंतु हिरवी पट्टी जड वस्तूसारखी वागते. तिला वेग येतो, ती तळाशी आपटून उसळते, वर गेलेली चटकन खाली येत नाही. माशांचे स्वभावही निरनिराळे. काही मासे संथ, काही तळाकडे ओढ घेणारे, काही वरवर तरंगणारे, तर काही एकदम झेपावणारे. स्टर्जनचा स्वभाव 'मिश्र' आहे. म्हणजे तो क्षणभर स्थिर राहील आणि पुढच्याच क्षणी नळीच्या दुसऱ्या टोकाला जाईल. काठिण्य ७८ असल्याने त्याच्या या हालचाली वारंवार आणि लांब पल्ल्याच्या असतात.

येथे कौशल्याच्या श्रेणीचे महत्त्व कळते. शून्य श्रेणीला हिरव्या पट्टीची उंची ९६ बिंदू असते आणि प्रत्येक श्रेणीमागे ती ८ बिंदूंनी वाढते. पाचव्या श्रेणीला ती १३६ होते, दहाव्याला १७६. कॉर्क बॉबर लावले तर आणखी २४ बिंदूंची भर पडते, म्हणजे तीन श्रेणींची कमाई एका बुचात! ट्रॅप बॉबरचे काम वेगळे. मासा पट्टीबाहेर गेला तर शेजारची पट्टी उतरण्याचा वेग ते सुमारे दोन तृतीयांशाने कमी करते. ज्यांना पट्टी फार लहान वाटते त्यांनी पहिले साधन घ्यावे, ज्यांच्या हातून मासा वारंवार निसटतो पण पुन्हा सापडतो त्यांनी दुसरे.

हाताच्या सवयीबद्दल एकच सांगता येईल. कळ सतत दाबून धरू नये. हलक्या हाताने, थोड्याथोड्या अंतराने टिचक्या मारल्यासारखी ती दाबली तर पट्टी एका जागी तरंगत ठेवता येते. स्टर्जनने मोठी झेप घेतली तर त्याच्या मागे वेड्यासारखे धावण्यापेक्षा, तो जेथे थांबेल त्या जागी पट्टी सावकाश नेणे अधिक फलदायी ठरते. पहिले दोनचार मासे सुटतील, त्याने खचून जाण्याचे कारण नाही. उन्हाळा येण्यापूर्वी वसंत ऋतूत सोप्या माशांवर सराव करून चौथी-पाचवी श्रेणी गाठलेली असली, तर स्टर्जन हाताबाहेरचा राहत नाही.

इतके करूनही ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी नशिबाची एक खिडकी उघडी आहे. दर शुक्रवारी आणि रविवारी जंगलात येणाऱ्या फिरत्या विक्रेतीच्या गाडीत कधीमधी स्टर्जन विकायला असतो. किंमत अर्थातच अव्वाच्या सव्वा. २०२४ च्या मार्च महिन्यात आलेल्या १.६ आवृत्तीपासून विशिष्ट माशासाठी खास आमिष तयार करण्याचे यंत्रही खेळात आले. पण त्यासाठी आधी तोच मासा यंत्रात घालावा लागतो. म्हणजे पहिला स्टर्जन स्वतःच्या हिमतीवर किंवा खिशातून मिळवणे भाग आहे.

गाबोळीचा व्यवसाय

पकडलेला साधा स्टर्जन २०० मुद्रांना विकला जातो. सुरुवातीच्या दिवसांत ही रक्कम मोठी वाटते. पण खरा लाभ त्याला विकण्यात नाही, पाळण्यात आहे. नोव्हेंबर २०१९ मधील १.४ आवृत्तीने खेळात मत्स्यतळी आणली. ५००० मुद्रा, २०० दगड आणि थोडे शेवाळ दिले की रॉबिन तळे बांधून देते. त्यात एक स्टर्जन सोडला की काही दिवसांनी त्याची संख्या वाढू लागते. मधूनमधून मासे काही वस्तू मागतात. त्या पुरवल्या की तळ्याची क्षमता वाढत वाढत दहापर्यंत जाते.

तळ्यातून मिळते ती माशाची अंडी, म्हणजे मराठी स्वयंपाकघराला परिचित असलेली गाबोळी. इतर माशांची गाबोळी मुरवणीच्या बरणीत घातली की मुरलेली गाबोळी तयार होते आणि तिचा भाव दुप्पट होतो. स्टर्जनची गाबोळी मात्र मुरली की कॅव्हिआर होते. १३० मुद्रांची गाबोळी चारएक दिवसांत ५०० मुद्रांची होते. कारागिरीचे कौशल्य मिळवलेल्या खेळाडूला तर ७०० मिळतात. समाजमंदिर पूर्ण झाल्यावर समोर येणाऱ्या एका अखेरच्या संचातही कॅव्हिआरला स्थान आहे. त्या संचातून गावाला चित्रपटगृह मिळते.

खेळातील इतर कोणत्याही माशाच्या गाबोळीला हा मान नाही. निर्मात्याने हे उगाच केलेले नाही. खऱ्या जगातही कॅव्हिआर हे नाव परंपरेने स्टर्जनच्याच खारवलेल्या अंड्यांचे आहे.

खऱ्या पाण्यातला स्टर्जन

खेळात स्टर्जन पकडल्यावर संग्रहात त्याची एक-दोन ओळींची माहिती दिसते. हा प्राचीन, तळाशी चरणारा मासा असून त्याची संख्या घटते आहे आणि माद्या दीडशे वर्षांपर्यंत जगू शकतात, असा तिचा आशय आहे. बहुतेक खेळाडू ती न वाचताच पुढे जातात. वास्तविक या माशाची सारी शोकांतिका त्या दोन ओळींत आली आहे.

स्टर्जनचे कूळ डायनासोरांच्या काळापासून पृथ्वीवर आहे. त्याच्या अंगावर नेहमीच्या खवल्यांऐवजी हाडांच्या ढालींच्या रांगा असतात आणि तोंडापुढे लोंबणाऱ्या मिशांनी तो तळ चाचपत अन्न शोधतो. त्याच्या जाती केवळ उत्तर गोलार्धात, युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या थंड पाण्यात आढळतात. भारतातील नद्यांत तो मूळचा नाही, म्हणूनच मराठीत त्याला नावही नाही. कास्पियन समुद्रातील बेलुगा ही त्यातली सर्वांत मोठी जात. एक टनाहून अधिक वजनाचे बेलुगा पूर्वी पकडले गेले आहेत.

खेळातील स्टर्जन सरोवरात राहतो आणि त्याच्या माद्या दीडशे वर्षे जगतात, हे पाहता तो उत्तर अमेरिकेतील 'लेक स्टर्जन' या जातीवर बेतलेला असावा, असे मानण्यास जागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील पंचमहासरोवरांमध्ये हा मासा विपुल होता. इतका की, जाळी फाडणारा उपद्रवी प्राणी म्हणून कोळी त्याला मारून किनाऱ्यावर टाकून देत आणि आगबोटींच्या भट्ट्यांत इंधन म्हणूनही त्याचा उपयोग झाल्याच्या नोंदी आहेत. पुढे त्याच्या मांसाला आणि अंड्यांना किंमत आली आणि काही दशकांतच तो दिसेनासा होऊ लागला.

याचे कारण त्याच्या आयुष्यक्रमात आहे. लेक स्टर्जनची मादी प्रथम अंडी घालते ती साधारणतः वयाच्या वीस-पंचवीस वर्षांनंतर आणि तीही दरवर्षी नाही, काही वर्षांच्या अंतराने. दीर्घायुषी माशाला ही संथ चाल परवडते, पण मोठ्या माद्या पकडल्या गेल्या तर पुढची पिढी येणार कुठून? त्यात नद्यांवर धरणे आली. स्टर्जनच्या अनेक जाती अंडी घालण्यासाठी नदीत वरच्या अंगाला जातात. व्होल्गा, डॅन्यूब, यांगत्से या नद्यांवरील धरणांनी त्यांची ही वाट अडवली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर कास्पियनच्या काठी चोरट्या मासेमारीला ऊत आला. अखेर १९९८ पासून स्टर्जनच्या सर्व जाती वन्यजीव व्यापाराच्या 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत आणल्या गेल्या. आज कॅव्हिआरच्या डब्यावर मासा रानटी होता की पाळीव, हे सांगणारी खूण असलेली चिठ्ठी लावावी लागते.

तरीही चित्र आशादायक नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) जुलै २०२२ मध्ये जाहीर केलेल्या यादीनुसार स्टर्जनच्या उरलेल्या सर्व २६ जाती धोक्यात आहेत. २००९ मध्ये हे प्रमाण ८५ टक्के होते. त्याच यादीत यांगत्से नदीतील एक स्टर्जन निसर्गातून नष्ट झाल्याचे आणि त्याचा नातेवाईक असलेला चिनी पॅडलफिश कायमचा संपल्याचे नोंदवले गेले.

प्रयत्नांना यशही येते, हे मात्र विसरून चालणार नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या विनेबॅगो सरोवरात दर फेब्रुवारीत बर्फाला भोक पाडून भाल्याने स्टर्जन मारण्याची परंपरा आहे. किती मासे मारायचे याची मर्यादा सरकार ठरवते, प्रत्येक माशाची नोंद होते आणि मर्यादा गाठली की हंगाम बंद होतो. हिवाळा आणि सरोवर यांची ही जोडी खेळातील स्टर्जनची आठवण करून देते. अनेक नद्यांत लेक स्टर्जनची पिल्ले सोडली जात आहेत. २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने या जातीला संकटग्रस्तांच्या राष्ट्रीय यादीत घालण्याची गरज नसल्याचा निर्णय दिला, तो अशा प्रयत्नांच्या आधारावरच.

खेळातले आणि खरे तळे

'स्टारड्यू व्हॅली'तील सरोवर कधी रिकामे होत नाही. एका उन्हाळ्यात शंभर स्टर्जन पकडले तरी पुढच्या हिवाळ्यात ते तितकेच असतात. तळ्यातला मासा दर चार दिवसांनी वाढतो, त्याला न मारताच गाबोळी मिळते. खऱ्या स्टर्जनला जे करायला वीस-पंचवीस वर्षे लागतात, ते खेळात आपल्या तासाभरात होते. खेळ म्हणून हे योग्यच आहे, कारण पंचवीस वर्षे वाट पाहायला लावणारा खेळ कोण खेळणार? पण माशाच्या माहितीत त्याची संख्या घटत असल्याचे लिहायचे आणि सरोवरात तो कधीच घटू द्यायचा नाही, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

दुसऱ्या बाजूने पाहता, ज्या माशाचे नाव आपल्यापैकी अनेकांनी महागड्या हॉटेलच्या संदर्भातच ऐकले असेल, तो मासा कोणत्या ऋतूत मिळतो, दिवसाच्या कोणत्या वेळी चरतो, त्याच्यासाठी किती धीर धरावा लागतो, याचा विचार हा खेळ लाखो शहरी तरुणांना करायला लावतो. ऋतू चुकला की थांबावे लागते, ही साधी गोष्ट बाराही महिने सर्व भाज्या पाहण्याची सवय झालेल्या पिढीला पडद्यावर का होईना, अनुभवायला मिळते. घरातील मुलगा किंवा मुलगी हा खेळ खेळत असेल, तर स्टर्जन मिळाल्यावर संग्रहातील त्या दोन ओळी त्यांच्याबरोबर वाचून पाहाव्यात. बोलण्यासारखे पुष्कळ निघेल.

थोडक्यात

ठिकाण : डोंगरातील सरोवर
ऋतू : उन्हाळा आणि हिवाळा
वेळ : सकाळी ६ ते सायंकाळी ७, कोणत्याही हवामानात
काठिण्य : ७८, स्वभाव मिश्र
काठी : फायबरग्लास किंवा इरिडियम, सरावाची काठी चालत नाही
साधन : कॉर्क बॉबर किंवा ट्रॅप बॉबर (इरिडियमच्या काठीला)
पूर्वतयारी : चौथी-पाचवी श्रेणी, आमिष, खाण्याचे पदार्थ
उपयोग : समाजमंदिरातील सरोवर-संच, मत्स्यतळे, कॅव्हिआर
सूचना : पहिला स्टर्जन विकू नये, समाजमंदिरासाठी ठेवावा, दुसरा तळ्यात सोडावा